लेथ बसवताना

कोल्हापूरच्या उद्यमनगरात नवा लेथ उतरला की शेजारच्या गाळ्यांतली माणसं हातातलं काम टाकून बघायला येतात. यंत्र बहुधा राजकोटचं, नाहीतर बटाल्याचं. ज्यांच्याकडे हरिहरचा जुना किर्लोस्कर किंवा एचएमटी आहे, ते नव्याकडे जरा नाक मुरडूनच बघतात. चेन पुली कुरकुरते, सल्ले सुटतात आणि टनभर बीड जमिनीला टेकलं की मालकाला वाटतं, झालं काम. खरं काम इथून पुढे सुरू होतं.

ज्याला त्याला हँडव्हील फिरवून बघायची घाई असते. ते आधी थांबवायचं. गंज चढू नये म्हणून कारखान्यात फासलेल्या चिकट ग्रीसमध्ये वाटेतली धूळ, कच बसलेली असते. तशीच कॅरेज सरकवली तर नव्या कोऱ्या बेडवर ओरखडे. रॉकेल आणि कॉटन वेस्ट घेऊन बेड पुसून काढावा, लगेच तेलाचा हात फिरवावा. पूजेचा नारळही दाराबाहेरच फोडावा. उघड्या बिडाला पाणी लागलं की गंज आलाच.

मग लेव्हल. इथे एक गैरसमज पक्का बसलेला आहे. लेथ पाणसळीत असलाच पाहिजे असं मुळीच नाही. जहाजांवरच्या वर्कशॉपमध्येही लेथ चालतात, आणि समुद्र काही पाणसळ लावून हलत नाही. बेडला पीळ नसावा, ही खरी अट. एवढ्या जाड बिडाला पीळ कसला पडतोय? पडतो. एक पाय किंचित अधांतरी राहिला आणि वरून बोल्ट आवळला की बेड मुरगळलाच. गवंड्याची पाणसळ इथे उपयोगाची नाही. फिटरच्या लेव्हलची एक रेघ म्हणजे मीटरला ०.०२ मिलिमीटर चढ. हाताच्या उबेनंही तिचा बुडबुडा सरकतो, म्हणून ठेवल्यावर जरा दम धरायचा. बेडवर आडवी ठेवून आधी हेडस्टॉकजवळ वाचायची, मग टेलस्टॉककडच्या टोकाला. दोन्हीकडे बुडबुडा सारखाच हवा. मधोमध नसला तरी बिघडत नाही.

यंत्राबरोबर चाचणीचा तक्ता येतो. अशा तक्त्यांची घडी बर्लिनच्या गेओर्ग श्लेसिंगर या प्राध्यापकानं १९२७ च्या पुस्तकात बसवली. तक्त्यातले आकडे खरे असतात, पण ते कारखान्यातल्या पायावर घेतलेले. तुमच्या गाळ्यातल्या कोब्यावरचे नव्हेत.

वायरिंगचं फार नाही. अर्थिंग नीट, गिअरबॉक्समध्ये तेल, आणि मोटर उलटी फिरली तर तीनपैकी कुठल्याही दोन फेजची अदलाबदल. आट्यांवर बसणारा चक असेल तर ही दिशा आधी बघावी. उलट फिरताना तो सुटून येऊ शकतो.

शेवटचा न्याय लोखंडच करतं. चकमध्ये जाड रॉड धरायचा, टेलस्टॉकचा टेकू द्यायचा नाही. दोन टोकांना दोन कॉलर ठेवून मधला भाग उतरवायचा. मग टूल न हलवता दोन्ही कॉलरवर एकच हलका कट, आणि मायक्रोमीटर. बाहेरची कॉलर जाड निघाली तर टेलस्टॉककडचा पुढचा पाय किंचित उचलायचा, बारीक निघाली तर उतरवायचा. पुन्हा कट, पुन्हा माप. स्क्रूला पाव आटाही पुष्कळ होतो.

एवढ्यासाठी फिटर अख्खा दिवस मागतो आणि मालक घड्याळ बघतो. फिटरचं ऐकावं. पाया नवा असेल तर त्याला महिन्याभरानं परत बोलवावं. काँक्रीट तोवर आकसत, बसत असतं, आणि आज जुळलेला बुडबुडा तेव्हा हमखास रेघभर सरकलेला सापडतो.