उघडें टिपण, झाकलेला शब्द

बीड जिल्ह्याच्या पश्चिम सीमेवरील आष्टीसारख्या गांवीं बसून पुण्या-मुंबईच्या शेंकडों संगणकांची व्यवस्था पाहणें आज शक्य झालें आहे. ही व्यवस्था हातानें होत नाहीं. कोणत्या यंत्रावर काय असावें, हें साध्या मजकुराच्या टिपणांत लिहून ठेवितात. २०१२ सालीं निघालेल्या ॲन्सिबलसारखी प्रणाली तें वाचून कामें उरकते. या टिपणाच्या प्रती सर्व सहकाऱ्यांकडे जातात. त्यांत डेटाबेसचा पासवर्ड उघडा लिहिला, तर ज्याच्या हातीं प्रत पडली त्याच्या हातीं सारें भांडारच पडलें.

यावर सहज सुचणारा उपाय म्हणजे सबंध टिपणच कूटरूप करणें. मराठी भाषेस ही युक्ति नवी नाहीं. महानुभाव पंथीयांनीं आपले ग्रंथ सकळ, सुंदरी इत्यादि सांकेतिक लिपींत लिहून ठेविले. सकळ लिपींत एका अक्षराऐवजीं दुसरें येई. शतकानुशतकें हें वाङ्मय परक्यांच्या दृष्टीआड राहिलें. विसाव्या शतकाच्या आरंभीं इतिहासाचार्य राजवाडे यांनीं त्या लिपीची उकल केली आणि तीं पानें बोलूं लागलीं. गुपित लिपीच्या रीतींतच असल्यामुळें, रीत कळतांच त्या लिपींतील सारेंच ग्रंथ उघडे झाले.

रीत शत्रूस कळली तरी चालावें, गुपित केवळ किल्लींत असावें, असें केर्कहॉफ्स यानें १८८३ सालींच सांगितलें होतें. ॲन्सिबल वापरते ती एईएस ही रीत २००१ पासून प्रमाण म्हणून जगजाहीर आहे.

पण सबंध टिपण झांकण्यांत आणखी एक खोट आहे. कोणी एखादा निरुपद्रवी आंकडा बदलला, तरी सारा कूटमजकूर पालटतो, आणि तपासणाऱ्यास नेमकें काय बदललें तें दिसत नाहीं. जें झांकण्याजोगें नव्हतें तेंही झांकलें गेलें! म्हणून २०१७ च्या २.३ या आवृत्तींत एकेक मूल्य निराळें झांकण्याची सोय आली. नांव उघडें राहतें. त्यापुढें ‘व्हॉल्ट’ ही खूण आणि कूटाक्षरांच्या ओळी येतात. येथें गुपित आहे व तें अमुक कामाचें आहे, एवढें सर्वांस कळतें. गुपित मात्र कळत नाहीं. प्रत्येक मूल्यास ३२ बाइटांची यादृच्छिक भर मिळते आणि १०,००० आवर्तनांनीं किल्ली घडते; त्यामुळें एकच शब्द दोनदां झांकला तरी रूपें भिन्न येतात. कूटांत कोणीं ढवळाढवळ केली, तर तेंही उघडकीस येतें.

सोय आली तशी कांहीं ओझींही आलीं. मुख्य परवलीचा शब्द बदलला, तर पूर्ण झांकलेल्या फाईलीस नवी किल्ली एका आज्ञेनें लावतां येते. सुट्या मूल्यांस ती सवलत नाहीं, प्रत्येक पुन्हा झांकावें लागतें. झांकतांना गुपित आज्ञेच्याच ओळींत टंकिलें, तर तें संगणकाच्या आज्ञा-नोंदींत राहून जातें. तें प्रणालीनें विचारल्यावरच द्यावें. पूर्वीं एकदां उघडें लिहिलेलें गुपित मागाहून झांकून भागत नाहीं, कारण संग्रहांतील जुन्या आवृत्तींत तें तसेंच असतें. तो पासवर्डच बदलला पाहिजे. काम चालू असतां मूल्य क्षणभर उलगडतेंच, आणि नोंद थांबविण्याची सूचना त्या कामाजवळ लिहिली नसेल, तर तेथूनही तें बाहेर पडूं शकतें.