मालक बदला म्हणणं सोपं, पण पैसे कोण भरणार? : ब्लॅकबर्न, युनायटेड आणि आपलं पुणं

हा एपिसोड ऐकायच्या आधी वाचून काढणाऱ्यांसाठी हा लेखी भाग. बोलताना जिथे मी फार वाहवत गेलो, तिथे इथे थोडी कात्री लावली आहे.

तर झालं असं, की आमच्या मित्रांच्या ग्रुपवर परत तोच वाद पेटला. एक युनायटेडवाला म्हणाला, "ग्लेझर गेले की सगळं नीट होईल." दुसऱ्याने टोला हाणला, "अरे, तुझे मालक अमेरिकेत, ब्लॅकबर्नवाल्यांचे तर आपल्या पुण्यातच बसलेत!" त्यावरून लक्षात आलं, की ग्रुपमधल्या निम्म्या लोकांना ही गोष्टच माहीत नाही. म्हणून आज तीच सांगतो.

ब्लॅकबर्न रोव्हर्स. उत्तर इंग्लंडमधल्या लँकेशायरचा जुना क्लब, मैदान ईवूड पार्क. जॅक वॉकर नावाच्या स्थानिक पोलाद उद्योजकाने त्यात स्वतःचा पैसा ओतला आणि १९९४-९५ मध्ये केनी डॅल्ग्लिशच्या हाताखाली, शियररच्या गोलांवर, या क्लबने चक्क प्रीमियर लीग जिंकली. वॉकर २००० मध्ये वारले. पुढे क्लब त्यांच्या ट्रस्टकडे होता आणि ट्रस्टला तो विकायचा होता. नोव्हेंबर २०१० मध्ये गिऱ्हाईक मिळालं : वेंकीज. हो, तेच चिकनवाले, पुण्याचे. किंमत साधारण २.३ कोटी पौंड.

प्रीमियर लीगमधला क्लब इतका स्वस्त कसा? कारण अशा व्यवहारात बोर्डावरची किंमत ही फक्त सुरुवात असते. क्लबवरचं जुनं कर्ज आणि दरवर्षीचा तोटा हेही नव्या मालकाच्या गळ्यात पडतात. ओएलएक्सवर जुनी मर्सिडीज स्वस्तात मिळते, तसं आहे हे. गाडी परवडते, सर्व्हिसिंग परवडत नाही.

नव्या मालकांनी महिनाभरात मॅनेजर सॅम अ‍ॅलरडाइसला काढलं. टीम तेव्हा तेराव्या नंबरवर होती, म्हणजे काही बुडत नव्हती. जागा दिली कोचिंग स्टाफमधल्या स्टीव्ह कीनला, ज्याला मुख्य मॅनेजर म्हणून अनुभव नव्हता. रोनाल्डिन्होला आणायच्या गप्पा झाल्या, तो ब्राझीलला फ्लामेंगोकडे गेला. मे २०१२ मध्ये टीम प्रीमियर लीगमधून खाली गेली. ज्या मॅचमध्ये ते ठरलं, त्यात कुणीतरी मैदानात जिवंत कोंबडी सोडली होती. तो व्हिडिओ तुम्ही पाहिला असेल.

पण माझ्या मते या सगळ्यातला सर्वांत शिकण्यासारखा प्रसंग मैदानावरचा नाहीच. २०१२ च्या शेवटी हेनिंग बर्ग मॅनेजर झाला आणि ५७ दिवसांत त्याला काढलं. करारानुसार त्याने उरलेले पैसे मागितले, सुमारे २२.५ लाख पौंड. आधी क्लबने हे देणं मान्य केलं. मग कोर्टात पवित्रा बदलला : आमच्या मॅनेजिंग डायरेक्टरला असा करार करायचा अधिकारच नव्हता! कोर्टाने ऐकलं नाही, बर्ग जिंकला. आता विचार करा. आपल्या कंपनीत प्रॉडक्शनवर कोड कोण टाकू शकतो हे ठरलेलं असतं, आणि इथे लाखो पौंडांवर सही कोण करू शकतो याचाच पत्ता नाही. मालक पुण्यात, क्लब लँकेशायरमध्ये आणि मध्ये निर्णय घेणारा माणूस नेमका कोण, हे कुणालाच धड माहीत नाही. बोर्डरूम स्ट्रॅटेजी वगैरे मोठे शब्द आपण वापरतो, पण त्याची पहिली पायरी एवढीच असते.

आता दुसरी बाजू, जी ग्रुपवर कुणी बोलत नाही. या कुटुंबाने इतक्या वर्षांत क्लबमध्ये २० कोटी पौंडांहून जास्त पैसा घातला आहे. २०१७ मध्ये क्लब तिसऱ्या पातळीवर गेला, पुढच्याच वर्षी टोनी मोब्रेने वर आणला, तरी ओघ चालूच राहिला. दुसऱ्या पातळीवरच्या, म्हणजे चॅम्पियनशिपमधल्या, कित्येक क्लबांचा नुसता पगाराचा खर्चच कमाईच्या वर जातो. ते भोक दर महिन्याला कुणीतरी बुजवावं लागतं.

आणि इथेच पुण्याचा धागा महागात पडला. भारतातून परदेशी पैसा पाठवायचा तर फेमाचे नियम आहेत. ईडीच्या चौकशीमुळे २०२३-२४ मध्ये क्लबला पैसे पाठवण्यासाठी मालकांना दिल्ली हायकोर्टात परवानगी मागावी लागली, तेवढ्याच रकमेच्या बँक गॅरंटीसह. ईवूड पार्कवर जाणारा चाहता आता दिल्लीच्या कोर्टाची तारीख बघायला लागला! त्याच काळात, २०२४ च्या सुरुवातीला, क्लबच्या अकादमीत घडलेला अ‍ॅडम व्हार्टन क्रिस्टल पॅलेसला विकला गेला.

युनायटेडची गोष्ट नेमकी उलटी. २००५ मध्ये ग्लेझर कुटुंबाने सुमारे ७९ कोटी पौंडांना क्लब घेतला, पण त्यातला मोठा भाग कर्जाचा, आणि त्या कर्जाचा भार आला क्लबवर. समजा एखाद्याने लोन काढून आपली अख्खी सोसायटी विकत घेतली आणि हप्ता आपल्या मेंटेनन्समधून कापायला लागला. तसं. म्हणून मालक वाईट की चांगला हे विचारण्याआधी मी एकच बघतो : पैसा मालकाकडून क्लबकडे जातोय, की क्लबकडून मालकाच्या कर्जाकडे?

अफवांचंही युनायटेडवरूनच समजतं. ऑगस्ट २०२२ मध्ये इलॉन मस्कने क्लब घेतोय असं ट्विट केलं आणि मग गंमत होती म्हणाला. नोव्हेंबरमध्ये ग्लेझरांनी अधिकृतपणे पर्याय शोधतोय असं जाहीर केलं. पुढे वर्षभर 'शेख जासिम जवळजवळ नक्की' अशा बातम्या. सप्टेंबर २०२३ मध्ये विक्री होणार नाही अशी एक बातमी आली आणि न्यूयॉर्कमध्ये शेअर एका दिवसात सुमारे १८ टक्के पडला. ऑक्टोबरमध्ये शेख माघारी गेले. फेब्रुवारी २०२४ मध्ये जिम रॅटक्लिफने २७.७ टक्के हिस्सा घेतला, फुटबॉलचा कारभार त्याच्याकडे आला, बहुमत ग्लेझरांकडेच राहिलं. एवढ्या गोंगाटातून अर्धवट विक्री निघाली. तेव्हा 'सूत्रांच्या माहितीनुसार' वाचलंत की थांबा. ही बातमी पसरल्याने कुणाची बोली वाढते, कुणाचा शेअर चढतो, ते आधी बघा. खरा खरेदीदार आधी हिशेब तपासतो, मग लीगच्या मालक-चाचणीतून जातो. यात महिने जातात.

बरं, मालक गेलाच तर? ब्लॅकबर्नपासून फार लांब नसलेला बरी हा क्लब डिसेंबर २०१८ मध्ये १ पौंडाला विकला गेला. ऑगस्ट २०१९ मध्ये तो लीगमधून बाहेर काढला गेला, कारण नव्या मालकाला पैशाची हमी दाखवता आली नाही. अशा प्रकरणांनंतर इंग्लंडने २०२५ मध्ये कायदा करून फुटबॉलसाठी स्वतंत्र नियामक आणला.

आपल्याकडे तर तेही नाही. ऑक्टोबर २०११ मध्ये ब्लॅकबर्नची टीम पुण्यात आली होती, बालेवाडीला पुणे एफसीविरुद्ध खेळायला. मी शाळेत होतो, मामाने नेलं होतं. मी अर्थातच पुणे एफसीच्या बाजूने ओरडत होतो. त्या पुणे एफसीच्या मालकांनी २०१५ मध्ये सीनियर टीम बंद केली. डीएसके शिवाजियन्स २०१७ मध्ये गेली. आयएसएलमधली एफसी पुणे सिटी २०१९ मध्ये संपली आणि तिची जागा हैदराबादला गेली. तिन्ही वेळा चाहत्यांना कुणी विचारलं नाही, आणि खरं सांगायचं तर 'मालक हटाव' म्हणून बॅनर धरायलाही आम्ही पुरेसे नव्हतो. ईवूड पार्कवरचे लोक पंधरा वर्षं मालकांना शिव्या देताहेत, पण शनिवारी जायला त्यांच्याकडे मॅच आहे. माझ्याकडे कपाटात एक जर्सी आहे, ती आता मला होतही नाही.

पुढच्या एपिसोडमध्ये जर्मनीचा ५०+१ नियम घेऊ, जिथे बहुतेक क्लबांमध्ये मतांचं बहुमत सभासदांकडेच असतं. तोवर, बालेवाडीची ती २०११ ची मॅच तुमच्यापैकी कुणी पाहिली असेल तर व्हॉइस नोट पाठवा. तिकीट जपून ठेवलं असेल तर फोटोही.