मूलबाळ नसलेल्या दांपत्याने मृत्युपत्र का करावे?

बँकेच्या काउंटरवर आम्हांला एक प्रसंग पुन्हा पुन्हा पाहावा लागतो. नुकताच पती वारलेली भगिनी मुखत्यारपत्र पुढे करून म्हणते, "साहेब, सहीचा अधिकार त्यांनी मलाच दिलाय." पण मुखत्यारपत्र देणाऱ्याच्या मृत्यूबरोबर संपते. १८७२ च्या करार कायद्यानुसार त्याची बुद्धी भ्रमिष्ट झाली तरीही ते संपते. बँकेतील ठेवींवर नॉमिनीचा हक्कही पैसे स्वीकारण्यापुरताच. ते अखेर वारसांचे असतात. विम्याच्या रकमेबाबत सर्वोच्च न्यायालयाने १९८४ साली तसा निर्णय दिला होता आणि २०१५ पर्यंत तोच नियम होता.

मग वारस कोण? १९५६ चा हिंदू उत्तराधिकार कायदा आपणा बौद्धांनाही लागू आहे. मूल नसलेला पुरुष मृत्युपत्राविना वारला, तर पत्नीबरोबर त्याची हयात आईही समान वाटेकरी होते. पुढे ती पत्नी मृत्युपत्राविना वारली, तर तिच्या स्वतःच्या पगारातून घेतलेले घरसुद्धा पतीच्या वारसांकडे जाते. तिला अखेरपर्यंत सांभाळणारी सख्खी बहीण मागेच राहते.

उपाय सोपा आहे. दोघांनीही आपापले स्वतंत्र मृत्युपत्र करावे. साधा कागद चालतो, मुद्रांक लागत नाही. दोन साक्षीदारांसमोर सही करून त्यांच्याही सह्या घ्याव्यात. ज्यांना काही मिळणार आहे, त्यांना साक्षीदार करू नये. नोंदणी सक्तीची नाही, पण केलेली बरी. जोडीदार आधी गेल्यास मिळकत कुणाला, हे अवश्य लिहावे. मग ती भाची असो, पुतण्या असो वा गरीब विद्यार्थ्यांचे शिक्षण असो.

हातपाय धड आहेत तोवर समाजबांधवांनी एवढे काम उरकून घ्यावे, ही विनंती.