मुका ‘के’

‘जाणणे’ याला इंग्रजीत ‘नो’ म्हणतात. पण लिहिताना आरंभी ‘के’ हे अक्षर घालावे लागते. विसरलात की गुण गेलेच! उच्चारात नसलेले हे अक्षर आले कोठून?

जुन्या इंग्रजीत हे क्रियापद ‘क्नावन’ असे होते आणि त्यातला ‘क्’ स्पष्ट उच्चारीत. १७व्या शतकाच्या सुमारास तो बोलण्यातून गळाला. लेखनात मात्र जीवाश्मासारखा राहून गेला.

याच धातूत लॅटिनमध्ये ‘ग्’ आहे. ‘इग्नोरन्स’ म्हणजे अज्ञान. या शब्दात तो आजही ऐकू येतो. संस्कृतात त्याचा ‘ज्’ झाला : ज्ञा, जानाति. त्यावरूनच प्राकृत ‘जाणइ’ व आपले ‘जाणणे’. मूळचा ‘ग्’ इंग्रजी-जर्मन गटात नियमाने ‘क्’ होतो, हे याकोब ग्रिम या जर्मन पंडिताने १८२२ साली मांडले. (परीकथा जमविणारा ग्रिम तो हाच!)

एकाच शब्दाचे साम्य योगायोगानेही असू शकेल. म्हणून दुसरा शब्द तपासून पाहा. गुडघ्याला संस्कृतात ‘जानु’, लॅटिनमध्ये ‘गेनू’ आणि इंग्रजीत ‘नी’ म्हणतात. या ‘नी’च्या आरंभीही मुका ‘के’ आहेच. जर्मन माणूस मात्र अजून ‘क्नी’ असेच म्हणतो.