श्रामबर्गची टोल्यांची घड्याळे

जुन्या जर्मन घड्याळाचे कौतुक सुरू झाले की हटकून एक म्हातारा कारागीर डोळ्यांपुढे आणला जातो: नाकावर चष्मा, हातात कानस. 'युंगहान्स'ची घड्याळे अशी जन्मली नाहीत. ती कारखान्यात झाली, आणि त्यांची खरी थोरवी तिथेच आहे.

ब्लॅक फॉरेस्टच्या डोंगराळ मुलखात शेतकरी जोडधंदा म्हणून लाकडी घड्याळे करत. अमेरिकेच्या स्वस्त मालापुढे हा धंदा डळमळू लागला. श्रामबर्गला एरहार्ड युंगहान्सने मेहुण्याबरोबर 1861 मध्ये कारखाना काढला तो आधी सुट्या भागांसाठी. पुढे त्याने अमेरिकेचीच रीत उचलली. पितळी पत्र्यातून यंत्राने कापलेली चाके, कुठलाही भाग कुठल्याही घड्याळाला बसेल असे माप. 1903 पर्यंत हा जगातला सर्वांत मोठा घड्याळ-कारखाना झाला होता. उतारावर पायऱ्यापायऱ्यांनी बांधलेली त्याची इमारत, प्रत्येक बाकावर उजेड पडावा म्हणून, आज संग्रहालय आहे.

पेटी उघडली की कौशल्य दिसते. चांगल्या घड्याळांच्या लंबकाची दांडी बऱ्याचदा लाकडी असते. पितळ उष्णतेने लांबते: 10 अंश तापमान वाढले तर पितळी दांडीचे घड्याळ दिवसाला सुमारे 8 सेकंद मागे पडते. लाकूड लांबीत फारच कमी वाढते. लंबकाखालची चाकी फिरवली की चकती वर-खाली सरकते. वर नेली की घड्याळ पुढे धावते.

टोल्यांचे प्रकरण मात्र नाठाळ. अनेक घड्याळांत टोले मोजणारे चाक काट्यांशी बांधलेले नसते. ते आपले क्रमाने पुढे जाते. घाईने काटा फिरवून मधले टोले चुकवले की नऊ वाजता चार पडतात. म्हणून प्रत्येक तासाला थांबून टोले पुरे होऊ द्यायचे.

युंगहान्सच्या आठ टोकी ताऱ्याइतकीच गुस्टाव्ह बेकरची 'जीबी' ही खूणही बाजारात ओळखीची. बेकरचे गाव फ्रायबुर्ग, श्लेसियातले. आता ते पोलंडमध्ये आहे. त्याच्या यंत्राच्या मागच्या पत्र्यावर अनुक्रमांक ठोकलेला असतो आणि त्यावरून साल काढता येते. नक्षीदार पेटीला भुलून पैसे मोजणाऱ्याने आधी तो आकडा बघावा. पेटी एकाची नि यंत्र दुसऱ्याचे, अशी जोडलेली घड्याळेही विकायला येतात.