सूज आली, लघवी स्वच्छ आहे. मग प्रथिने गेली कुठे?

सकाळी मुलाचे डोळे सुजलेले दिसले, पावलांवर बोट दाबले की खड्डा राहू लागला, तर डॉक्टरांचा पहिला संशय मूत्रपिंडावर जातो. तो रास्तच आहे, कारण लहान मुलांच्या अशा सुजेमागे नेफ्रॉटिक सिंड्रोम वारंवार सापडतो. प्रश्न उभा राहतो तो लघवीत प्रथिने सापडत नाहीत, यकृताच्या तपासण्या ठीक येतात आणि तरीही रक्तातले अल्ब्युमिन हे प्रथिन दर डेसिलिटरला 3.5 ग्रॅमच्या वर असण्याऐवजी 2 ग्रॅमवर आलेले असते तेव्हा. आपल्याकडे अशा वेळी बोट आहाराकडे वळते. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाच्या दोन्ही पावलांवरची सूज हा अतितीव्र कुपोषणाचा (‘सॅम’चा) मान्य निकष आहे, त्यामुळे ‘सॅम’चा शिक्का पटकन बसतो आणि त्यासोबत आईवरचा ठपकाही. तो शिक्का मारण्याआधी प्रथिने पोटातूनच गळत नाहीत ना, हे तपासले पाहिजे.

त्यासाठीचा पुरावा बहुतेकदा मुलाच्या हकिगतीतच असतो. अल्ब्युमिनचे रक्तातले अर्धे आयुष्य सुमारे तीन आठवड्यांचे असते. कालपर्यंत वजन-उंची नीट वाढणारे मूल चार दिवस जेवले नाही म्हणून अल्ब्युमिन निम्म्यावर येऊ शकत नाही. यकृत आपले उत्पादन फार तर दुपटीच्या आसपास नेऊ शकते. गळती त्याहून मोठी झाली की पातळी झपाट्याने कोसळते. मेनेत्रिए या फ्रेंच डॉक्टरांनी 1888 मध्ये वर्णन केलेल्या आजाराचे बालरूप असेच असते. आधी उलट्या, पोटदुखी, अन्नावरची वासना उडणे आणि मग सूज. दुर्बिणीतून पाहिले तर जठराच्या वरच्या व मधल्या भागातल्या वळ्या जाड, फुगलेल्या दिसतात. त्यांच्या अस्तरातून प्रथिने पाझरतात. अनेक मुलांत यामागे सायटोमेगॅलोव्हायरसचा संसर्ग सापडतो. गळती ओळखायला मलातले अल्फा-वन अँटिट्रिप्सिन मोजतात, कारण हे रक्तातले प्रथिन आतड्यात फारसे पचत नाही. जठरातल्या तीव्र आम्लात मात्र ते नष्ट होते. म्हणून संशय जठरावर असेल तर आम्ल कमी करणारे औषध देऊन ही चाचणी करावी लागते. एकदा नकारार्थी आलेल्या अहवालावर विसंबून चालत नाही.

यावर आक्षेप येईल की जिथे कुपोषण घरोघरी आहे, तिथे दुर्मीळ आजारांमागे धावणे परवडणारे नाही. आक्षेपात तथ्य आहे, म्हणूनच प्रत्येक सुजलेल्या मुलाच्या पोटात दुर्बीण घालावी असे कोणी म्हणणार नाही. आहाराची नीट विचारपूस, जुन्या वजनाची नोंद आणि लघवीची पट्टी यांना फारसा खर्च येत नाही. या तिन्हींनी आहाराची आणि मूत्रपिंडाची शंका दूर सारली, तरच पुढचे पाऊल टाकायचे. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. मुलांमधला मेनेत्रिएचा आजार प्रौढांसारखा चिवट नसतो, प्रथिनयुक्त आहार आणि आधाराच्या उपचारांवर बहुधा काही आठवड्यांत बरा होतो. मग नाव शोधून मिळते काय? मिळते ते हे, की मुलाला अकारण स्टिरॉइड दिली जात नाहीत आणि कुटुंबाला धीर देता येतो. शिवाय पोटातून होणारी प्रत्येक गळती इतकी सौम्य नसते. आतड्यातल्या लसिकावाहिन्या जन्मतः रुंदावलेल्या असतील तर प्रथिनांबरोबर लिम्फोसाइट पेशी आणि प्रतिपिंडेही वाहून जातात. त्या मुलाला नेहमीची स्निग्धे कमी करून मध्यम साखळीच्या स्निग्धांचा आहार दीर्घकाळ द्यावा लागतो. या मुलाला ‘आपोआप बरे होईल’ म्हणून घरी पाठवले, तर वाढीची वर्षे हातची जातात.

म्हणून सूज आहे, लघवी स्वच्छ आहे आणि खाणेपिणे कालपर्यंत व्यवस्थित होते, अशा मुलाच्या केसपेपरवर ‘पोटातून प्रथिनगळती?’ ही ओळ पहिल्याच दिवशी लिहिली गेली पाहिजे. ती खोटी ठरली तर नुकसान काहीच नाही. खरी ठरली तर मुलाला योग्य उपचार मिळतील आणि न केलेल्या हयगयीचे ओझे आईच्या माथी येणार नाही.