‘माबोरोशी’ : कॅमेरा लांब का उभा राहतो?
हिरोकाझू कोरे-एदा यांच्या ‘माबोरोशी’त (१९९५) नायिकेचा, युमिकोचा चेहरा जवळून फारसा दिसतच नाही. तिचा तरुण नवरा काही मागमूस न ठेवता रेल्वेरुळांवर जीव देतो. त्याच्या सायकलच्या किल्लीची छोटी घंटी तेवढी तिच्याकडे उरते आणि लहानग्याला घेऊन ती नोतो द्वीपकल्पावरच्या कोळीवस्तीत दुसरा संसार मांडते. छायाचित्रकार मासाओ नाकाबोरी यांचा भर नैसर्गिक उजेडावर आहे. व्हेनिस महोत्सवात चित्रपटाला ‘गोल्डन ओसेला’ मिळाला, तरी चौकटी देखण्या पण माणसं कोरडी, हा आक्षेप उरतोच. काही प्रसंगांत अंधार इतका दाट आहे की तो आक्षेप पटतोही. पण ज्या मरणाचं कारण बायकोलाच उमगलेलं नाही, ते तिचा चेहरा आपल्याला काय सांगणार? क्लोज-अपनं समजल्याचा नुसता आव आणला असता. शेवटी समुद्रकाठी ती ‘त्यानं असं का केलं’ हे बोलून टाकते, तेव्हाही कॅमेरा दूरच आहे. ‘शॉपलिफ्टर्स’मध्ये (२०१८) हेच कोरे-एदा चेहऱ्यांच्या अगदी जवळ गेले, तिथल्या माणसांकडे सांगण्यासारखं बरंच होतं.